‘बरं हाय’ म्हणणाऱ्यानं बाहेर जावं

समजा, आत्ता तुमच्या शेजारी कुणी येऊन बसलं आणि म्हणालं, “कसं काय?” तर तुम्ही काय उत्तर द्याल?

“बरं आहे,” म्हणाल. दाढ ठणकत असली तरी म्हणाल. घरी भांडून बाहेर पडला असलात तरी म्हणाल. काल हाड मोडलं असेल तर प्लॅस्टरमधला हात जरासा उचलून म्हणाल, “बरं आहे, तुमचं कसं?”

झालं. तुमचा दावा गेला.

हे शेवटचं वाक्य माझं नाही. साताऱ्याच्या कोर्टात ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकले त्या सरांचं आहे. ते अपघातात जखमी झालेल्यांचे भरपाईचे दावे चालवायचे, आणि त्यांच्या मते आपल्या भागातल्या जखमी माणसांचा सगळ्यात मोठा शत्रू भरधाव ट्रक नव्हता, विमा कंपनी नव्हती, तर ‘बरं हाय’ हे दोन शब्द होते. ट्रक एकदाच अंगावरून जातो, म्हणायचे, हे दोन शब्द माणूस रोज स्वतःच्या अंगावरून नेतो.

स्वतः सरांनी हे शब्द सोडले होते, जसे लोक तंबाखू सोडतात. रस्त्यात कुणी सहज विचारलं, “काय वकीलसाहेब, बरं हाय का?” की ते थांबत. छत्री काखेत घेत आणि उत्तर देत. “नाही. डाव्या गुडघ्यात जिना उतरताना कळ येते, चढताना येत नाही. उजव्या कुशीवर झोपलं की खांदा धरतो. पोट कालपासून बिघडलंय. त्यातलं कुठलं सविस्तर सांगू?” विचारणारा पिशवीतली भाजी सावरत मागं सरकायचा. त्यांना चुकवायला लोक रस्ता ओलांडत, ही गोष्ट काही गावानं रचलेली नाही. मी स्वतः एका न्यायाधीशांना ओलांडताना पाहिलं आहे.

त्यांच्या ऑफिसात तर या शब्दांना बंदीच होती. दारातून पक्षकार आत आला की सर मान वर न करता विचारत, “कसं काय?” तो सवयीनं म्हणे, “बरं हाय.” सर दाराकडं बोट दाखवत. तो गोंधळून बाहेर जाई, पुन्हा आत येई. “कसं काय?” “बरं… म्हंजे, हाय आपलं.” पुन्हा दार. एकदा शिरवळच्या कारखान्यातला एक फिटर, बरगड्या मोडलेला, असा इतक्यांदा आत-बाहेर झाला की शेवटी पायरीवर बसून ओरडला, “आवं, श्वास घेताना सुरी खुपसल्यागत हुतंय! तुमचं दार गेलं खड्ड्यात!”

“आता आत ये,” सर म्हणाले. “हेच कोर्टात सांग. दाराचं सोडून.”

मी त्यांच्याकडं आले तेव्हा माझ्या पिशवीत कायद्याच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. आष्ट्यात आमचा लहानसा छापखाना. गावात लग्नपत्रिका छापायचो आणि घरात वडील मोर्च्यांची पत्रकं छापायचे, त्यातलं बिल फक्त लग्नपत्रिकांचं व्हायचं. मी वाचायला शिकले ते ‘जाहीर निषेध’ या अक्षरांवर. त्यामुळं सरांनी पहिल्यांदा दाव्याचा अर्ज लिहायला दिला तेव्हा मी लिहिलं, की अर्जदार या नफेखोर व्यवस्थेच्या चाकाखाली चिरडला गेला आहे.

सरांनी चष्मा काढला. “टेंपोच्या चाकाखाली म्हण. व्यवस्थेचा विमा उतरवलेला नसतो.”

त्या दिवसापासून माझं नाव पत्रक पडलं. “काय गं पत्रक, चहा झाला का?” “पत्रक, तुझ्या या एका परिच्छेदात चार उद्गारचिन्हं आहेत. कोर्टात एकसुद्धा चालत नाही, ते परत घरी घेऊन जा.”

मी चिडायचे. आजही या विषयावर मी शांत नाही. कारण सूत्र बघा. माणूस मोडला की कोर्ट त्याची महिन्याची कमाई धरतं. तिची वर्षाची करतं. अपंगत्वामुळं त्यातली किती बुडणार तो हिस्सा काढतं, आणि वयानुसार ठरलेल्या गुणकानं गुणतं. वय जितकं जास्त, गुणक तितका लहान. मग वर दवाखान्याची बिलं, दुखण्याबद्दल काही, आयुष्यातली मजा गेली त्याबद्दल काही. म्हणजे ज्याचा पगार मोठा त्याचा गुडघा महाग आणि जिचा कुणी पगारच ठरवला नाही तिचा गुडघा अंदाजपंचे. हे मी सरांना तावातावानं सांगितलं होतं. ते म्हणाले, “बरोबर आहे तुझं. ते बदलेपर्यंत समोरच्या बाईचं गणित नीट कर.”

वयाची त्यांना वेगळीच धास्ती होती. आपल्याकडं वय विचारलं की माणूस मोठेपणा म्हणून वाढवूनच सांगतो. “असंल की पन्नाशीचा.” असतो चव्वेचाळीसचा. सर कपाळावर हात मारत. “या एका ‘असंल की’मध्ये तुझा गुणक खाली आला रं गड्या. अजून दोनदा असंल म्हणालास तर कोर्टच तुला पेन्शन लावंल.”

पण सरांची खरी ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. प्रत्येक मोठ्या दाव्याच्या आधी ते पक्षकाराची जखम एक दिवस स्वतः वापरून बघत. गुडघ्याचा दावा असला की पायाला लाकडी पट्ट्या बांधून वाकडे चालत कोर्टात येत. डोळ्याचा असला की डोळ्यावर पट्टी. त्या दिवशी त्यांनी चहा बशीच्या शेजारी ओतला आणि खूश झाले. “बघ, खोलीचा अंदाज जातो! हे डॉक्टरच्या दाखल्यात नाही.” बार रूममध्ये लोक खो-खो हसत. एकदा तर नव्यानं बदलून आलेल्या शिपायानं त्यांना पक्षकार समजून बाकावर बसवलं आणि वकील कोण म्हणून विचारलं. सरांनी स्वतःचंच नाव सांगितलं आणि पुढं म्हणाले, “पण फार लहरी माणूस आहे म्हणतात.”

त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणायचे, सकाळी चहा ठेवताना नेमानं विचारत, “आज काय मोडलंय? म्हणजे त्या हिशेबानं कपडे काढते.”

जैतूनबी पहिल्यांदा ऑफिसात आल्या त्या अशाच एका सकाळी, सरांचा पाय पट्ट्यांत असताना. दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

“तुमाला पन गाडीनं उडीवलं का काय साहेब?” त्यांनी विचारलं.

जैतूनबी औंधजवळच्या एका गावच्या. बांगड्या भरणं हा त्यांच्या घरचा धंदा, सासूच्या सासूपासून चालत आलेला. औंधाच्या यात्रेत, आठवड्याच्या बाजारांत, लग्नघरी, डोहाळजेवणाला, जिथं म्हणून बाई हात पुढं करते तिथं त्या पेटी घेऊन हजर. सगळे त्यांना चाची म्हणत. हात बघूनच माप सांगायच्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, “दोन-सहा. पन आंगठ्याचं हाड जरा हट्टी हाय.”

बाजाराला वडापनं, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या त्या जीपनं जाताना एक टेंपो ओव्हरटेक करत अंग घासून गेला. चाचींचा उजवा हात खिडकीशी होता, पेटी धरून. पेटीतला माल गेला. हात वाचला, असं दवाखान्यातले म्हणाले. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं जागेवर होती, पण त्यांत जोर नव्हता. डॉक्टरांच्या दाखल्यावर कायमचं अपंगत्व पंचवीस टक्के.

“म्हंजे चार आनं,” चाची म्हणाल्या. “बारा आनं हात शाबूत हाय की मग.”

“त्या बारा आण्यांत बांगडी भरता येते का?” सरांनी विचारलं.

चाचींनी हात पदराखाली घेतला.

सगळा दावा इथंच अडला होता. दाखल्यावरची टक्केवारी शरीराची असते. कोर्टाला बघायची असते ती कमाईची. तीच तीन बोटं एखाद्या पहारेकऱ्याची गेली तर तो शिट्टी दुसऱ्या हातानं वाजवील. बांगडी भरणाऱ्या बाईची गेली तर दुकानच गेलं. कोर्ट चार आण्यांवर थांबलं तर चाचींना मिळणाऱ्या पैशात उधारीवर घेतलेल्या मालाचे पैसेही फिटले नसते, आणि घरात नवरा नाही, मुलगा पुण्याला रंगकामावर, येईल तसा येतो. पुढं खायचं काय, एवढाच प्रश्न होता. तो हात किती कामाचा उरला याचं उत्तर चाचींनीच द्यायचं होतं, स्वतःच्या तोंडानं, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात.

आणि चाची दारातून आत येताना म्हणाल्या होत्या, “बरं हाय, अल्लाची मेहरबानी.”

सरांनी त्यांना नियमाप्रमाणं बाहेर काढलं. त्या आल्या. “बरं हाय, त्याचं शुकर हाय.” पुन्हा बाहेर. माझ्या लक्षात आलं की हा नुसता सवयीचा मामला नाही. चाचींच्या लेखी दुखतंय म्हणणं म्हणजे देणाऱ्याबद्दल तक्रार करणं. सरांच्याही लक्षात आलं. ते पायाच्या पट्ट्या सोडत म्हणाले, “चाची, शुक्र वरच्या कोर्टात म्हणा. तिथं कागदपत्र तयार आहेत. खालच्या कोर्टात दुखतंय म्हणा.”

“बगते,” चाची म्हणाल्या. बगते म्हणजे नाही.

विरुद्ध बाजूला विमा कंपनीचे वकील होते सांगलीचे. तारखेला येताना बार रूमसाठी भडंगाची पिशवी आणत आणि सगळ्यांत आधी आम्हा ज्युनिअरना वाटत. असा गोड माणूस मी कोर्टात दुसरा पाहिला नाही. आवाज चढवत नसत, साक्षीदाराला खोटारडा म्हणत नसत, चिरडलेल्या माणसाला उभं ठेवणं त्यांना बघवत नसे. सर त्यांना घाबरत, तेवढे दुसऱ्या कुणाला नाही.

“आरडाओरडा करणाऱ्या वकिलाचं मला काही वाटत नाही,” सर म्हणत. “त्याच्या समोर आपला माणूस चिडून खरं बोलतो. हा पाणी विचारतो गं.”

सांगलीकरांची पद्धत ठरलेली होती. आधी बसायला सांगायचं. मग पाणी. मग गावाकडची ख्यालीखुशाली. आणि बोलण्याच्या ओघात, भाच्यानं मावशीला विचारावं तसं, “आता बरं हाय का?” समोरचा म्हणे, “बरं हाय की.” टंकलेखक लिही : माझी प्रकृती आता बरी आहे. सांगलीकर खाली बसत. पुढं निकालात तेच वाक्य येई, साक्षीदारानं स्वतःच कबूल केलं आहे की वगैरे. कित्येक लंगडी माणसं कोर्टाच्या कागदावर अशी बरी झाली. इतक्या लोकांना एका वाक्यात बरं करणारा डॉक्टर साताऱ्यात नव्हता.

मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं, हे तुम्हाला पटतं का म्हणून. त्यांनी माझ्या हातावर भडंग ठेवले. “मी फक्त चौकशी करतो, पोरी. उत्तर ते देतात.”

चाचींच्या साक्षीच्या आदल्या रविवारी सरांनी मला घरी बोलावलं. त्यांच्या उजव्या अंगठ्याला आणि दोन बोटांना आइस्क्रीमच्या काड्या बांधलेल्या होत्या आणि टेबलावर हिरव्या काचेच्या बांगड्यांचा डझन ठेवला होता.

“हात दे,” म्हणाले. “भरून बघतो.”

“सर, तुम्हाला चांगल्या हातानं तरी येतात का?”

“तो मुद्दा गौण आहे.”

तो मुद्दा मुळीच गौण नव्हता. पहिली बांगडी माझ्या अंगठ्याच्या हाडाशी आली आणि तडकली. दुसरी त्यांच्याच हातात. तिसरीनं मला ओरखडलं. सर घामाघूम, मी हात मागं ओढतेय, फरशीवर हिरवी काच. आवाज ऐकून काकू आतून आल्या.

“फुटल्या,” सर खजील होऊन म्हणाले.

“अहो!” काकू दारातच थबकल्या. “पोरीच्या हातातल्या बांगड्या, आणि फुटल्या काय म्हणता? वाढल्या म्हणा.”

“वाढल्या काय? तुकडे झालेत.”

“तुकडेच होतात. म्हणायचं वाढल्या. दुकान बंद केलं तर वाढवलं म्हणतो ना आपण? तसं.” आणि त्या केरसुणी आणायला गेल्या.

सर काड्या बांधलेला हात तसाच हवेत धरून बसले. मला वाटलं कापलं असेल. मी विचारलं, “सर, बरं आहे ना?”

त्यांनी दाराकडं बोट दाखवलं. सवयच ती. पण लक्ष दुसरीकडंच होतं.

साक्षीच्या दिवशी न्यायासनावर मॅडम होत्या. चाचींनी धुवट हिरवी साडी नेसली होती. वाटेत जिन्यावर मी त्यांना शेवटचं विचारून बघितलं, “चाची, कसं हाय?” त्या शिकवल्याप्रमाणं म्हणाल्या, “न्हाई बरं. लय दुकतंय.” मला हायसं वाटलं.

सांगलीकर उठले. “बसा चाची, उभ्या नका राहू. मॅडम, यांना खुर्ची मिळेल का? पाणी घेता?”

“नगं साहेब.”

“औंधाकडनं आलाय न्हवं? यंदा यात्रा कशी झाली?”

“झाली की चांगली. गर्दी लय हुती.”

“ऊन लागलं असंल येताना. हाताचं कसं काय मग? आता बरं हाय का?”

चाचींनी त्यांच्याकडं बघितलं. पांढऱ्या केसांचा, बापाच्या वयाचा माणूस. खुर्ची देणारा, पाणी विचारणारा.

“बरं हाय की साहेब. अल्लाची मेहरबानी.”

“आणखी प्रश्न नाहीत,” सांगलीकर म्हणाले आणि बसले. टंकलेखकाची बोटं खडखडली. मी सरांकडं बघायचं टाळलं.

सर उभे राहिले. “मॅडम, फेरतपासणीची परवानगी हवी. एका शब्दापुरती.”

“हरकत आहे,” सांगलीकर बसल्या बसल्या म्हणाले. “उत्तर स्पष्ट आहे.”

“उत्तर स्पष्ट आहे. त्याचा अर्थ स्पष्ट नाही.”

मॅडमनी मान हलवली. सर पिंजऱ्याजवळ गेले.

“चाची, बांगडी भरताना तडकली तर समोरच्या बाईला तुमी काय सांगता?”

“वाढली म्हनते.”

“फुटली का म्हणत न्हाई?”

“आवं साहेब!” चाचींचा डावा हात कानाकडं गेला. “लेकीसुनांच्या हातात घालायची ती वस्तू. फुटली कसं म्हनायचं? असलं वंगाळ तोंडातनं काडू न्हाई.”

“वाढली म्हणजे बांगडी चांगली असती का?”

“चांगली कुटली? तुकडं झाल्यालं असत्यात.”

“तरी वाढली म्हणता.”

“व्हय.”

“मग आता सांगा. हाताचं काय झालं?”

पदराखालचा उजवा हात चाचींनी बाहेर काढला, कठड्यावर ठेवला आणि त्याच्याकडं असं बघितलं जसं दुसऱ्या कुणाच्या पोराकडं बघावं.

“हात वाढला, साहेब,” त्या म्हणाल्या.

टंकलेखक थांबला. त्यानं मॅडमकडं बघितलं. तो पुण्याकडचा तरुण होता, त्याला हाताची लांबी वाढली की काय ते कळेना.

“लिहा,” मॅडम म्हणाल्या. “जसं म्हणाल्या तसं.” मग त्यांनी स्वतः विचारलं, “बांगडी भरताना उजवा हात काय करतो?”

सर चमकले. मीही. आम्ही महिनाभर टक्केवारीशी भांडत होतो, डॉक्टरांना उलटसुलट विचारत होतो, आणि हा प्रश्न आमच्या कागदावर कुठंच नव्हता. चाची सोडल्या तर त्या खोलीत बांगड्या भरून घेतलेल्या दोघीच होत्या, मॅडम आणि मी. त्यातली एक मी होते आणि मला सुचलं नव्हतं.

“उजव्यानं बाईचा पंजा दाबायचा,” चाची म्हणाल्या. बोलताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा झाला. “आंगठ्याच्या बुडाला दाबलं की हाडं गोळा हुत्यात, हात ल्हान हुतो. मग डाव्यानं बांगडी सारायची. त्यो दाब म्हत्त्वाचा. बांगडी काय कुनीबी सारंल.”

“दाखवता?”

मला पुढं बोलावलं. मी पिंजऱ्याच्या कठड्यावरून हात दिला. चाचींनी त्यांचा उजवा अंगठा माझ्या अंगठ्याच्या मुळाशी ठेवला. झोपलेल्या बाळाचा हात असतो तसा तो तिथं राहिला.

“दाबा,” मॅडम म्हणाल्या.

चाचींनी वर बघितलं. “दाबलंय की, बाई.”

सांगलीकर कागद आवरत होते. त्यांनी ते खाली ठेवले.

बाहेर व्हरांड्यात सर चाचींवर उखडले. “एवढं पढवलं, आणि शेवटी बरं हाय म्हणालात!”

“मग काय करू? त्या मानसानं खुर्ची दिली, पानी इचारलं. त्येला तोंडावर वंगाळ सांगू? तुमच्याकडं इतक्यांदा आली, तुमी कवा बस म्हनला न्हाईसा. निस्तं दार दावता.”

त्या दिवसानंतर ऑफिसच्या दाराबाहेर एक बाक आला. बाहेर काढलेल्यानं निदान बसावं म्हणून.

निकाल लागायच्या आधी एक गंमत झाली. विमा कंपनीच्या वरच्या ऑफिसनं साक्षीचा कागद वाचला आणि सांगलीकरांना विचारणा केली, की अर्जदाराच्या म्हणण्यानुसार हात वाढला आहे, तर ही सुधारणा समजून भरपाई कमी मागावी काय? सांगलीकरांनी तो कागद मला बार रूममध्ये वाचून दाखवला. आम्ही हसलो. मग ते म्हणाले, “यांना आता मी बांगडी समजावून सांगू, इंग्रजीत?” आणि भडंगाची पिशवी तशीच टेबलावर ठेवून निघून गेले.

निकालात मॅडमनी लिहिलं, की ‘बरं आहे’ हा आपल्याकडं शिष्टाचार आहे, वैद्यकीय अभिप्राय नव्हे. डॉक्टरांचे चार आणे कमाईच्या हिशेबात त्यांनी बारा आणे धरले. उरलेले चार आणे का कापले? तर बाई दुसरं काही काम करू शकेल म्हणून. हे दुसरं काम कुठलं, ते निकालात लिहिलेलं नाही, मी पुन्हा पुन्हा वाचून बघितलं. आणि महिन्याची कमाई अंदाजानंच धरली, कारण बांगड्या भरून घेऊन पावती मागणारी बाई अजून जन्मायची आहे. मी सरांना म्हटलं, हा न्याय नाही, हा घासाघीस करून मिळालेला न्याय आहे. ते म्हणाले, “हो. पण उधारी फिटून सुनेला पेटी घेऊन देता येईल. पत्रकात लिही ते, उद्गारचिन्हासकट. या वेळी परवानगी आहे.”

चाची आता सुनेच्या शेजारी बसतात. सून दाबते, चाची नुसत्या बघून माप सांगतात. पैसे मिळाले तेव्हा त्या ऑफिसात पेढे घेऊन आल्या होत्या. दारातच म्हणाल्या, “बरं हाय.” सरांचं बोट उठलं, आणि तसंच खाली आलं.

सर स्कूटरवरून पडले ते त्यांच्याच घरासमोरच्या उतारावर. समोरून कुणी येत नव्हतं, मागून कुणी धडकलं नाही. खुब्याचं हाड मोडलं. “स्वतःविरुद्ध दावा बसत नाही,” म्हणाले, “नाहीतर साक्षीदार उत्तम होता.” ते कॉटवर पडून असायचे. काकू एकदा चहा देताना मला हळूच म्हणाल्या, “इतकी वर्षं रोज विचारायचे, आज काय मोडलंय. आता विचारवत नाही.” ऑपरेशननंतर छातीत कफ साठला, तो काही निघेना.

एक दिवस सांगलीकर भेटायला आले. हातात भडंगाची पिशवी. कॉटजवळ खुर्ची ओढून बसले, आणि दुसरं काय विचारणार, म्हणाले, “कसं काय? बरं हाय का?”

मी सावरून बसले. आता गुडघ्यापासून कफापर्यंत सगळी यादी येणार होती. सरांनी त्यांच्याकडं बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं, जिथं काकू ओट्यापाशी हात थांबवून उभ्या होत्या.

“बरं हाय,” सर म्हणाले.

आयुष्यभर या उत्तरानंतर सांगलीकर खाली बसत आले होते. आता ते बसलेलेच होते आणि पुढचा प्रश्न त्यांच्याकडं नव्हता. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले, मग उठून काकूंना नमस्कार करून गेले. जिन्यात त्यांची पावलं मध्येच बराच वेळ थांबल्याचं मला ऐकू आलं.

काकू आत गेल्यावर मी कॉटजवळ वाकले. “सर. खरं सांगा. कसं हाय?”

ते जरा हसले. “दुसऱ्यांदा विचारलंस. शिकलीस.” मग डोळे मिटून म्हणाले, “दुकान वाढवायला घेतलंय, पत्रक.”

ते गेले त्याला आता बराच काळ झाला. ऑफिस मी चालवते. दाराचा नियम मी बंद केला आहे, बाक आत आणून ठेवला आहे. सूत्र अजून तेच आहे, आणि त्याविरुद्धचं पत्रक मी लिहितेच आहे. पण ते बदलेपर्यंत तुमच्याकडं एक मागणं आहे, आणि त्याला ना सही लागते ना वर्गणी.

आज घरी गेल्यावर, नाहीतर उद्या कामावर, कुणाला तरी विचारा, “कसं काय?” आईला विचारा, भांडी घासायला येणाऱ्या मावशींना विचारा, लंगडत दूध घालून जाणाऱ्याला विचारा. ते म्हणतील, “बरं आहे.” तिथंच उठू नका. ते उत्तर तुमचा मान राखण्यासाठी आहे, तुम्हाला काही सांगण्यासाठी नाही. आधी बसायला द्या. आणि मग दुसऱ्यांदा विचारा.